वरच्या मजल्याचं भाडं

रविवारचं जेवण चाललं होतं आणि बोलण्याच्या भरात धाकटीच्या तोंडून निसटलं, "आमचे पैसे ह्यांनी वेळेवर काढून घेतले म्हणून बरं, नाहीतर आम्हीही तुमच्यासारखेच हात चोळत बसलो असतो."

भाऊजींनी बायकोकडे असं काही पाहिलं की तिने घाईने आमटीचं भांडं पुढे ओढलं. दादा, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, मान खाली घालून पाणी प्यायले. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, हातातला चमचा हळूच ताटात ठेवला.

"वेळेवर म्हणजे कधी, भाऊजी?"

"अहो, ते सोडा वहिनी. तिला काय कळतंय त्यातलं?"

"तिला कळू दे नाहीतर न कळू दे. तुम्हाला कळलं होतं ना? मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

भाऊजी हसले. गिऱ्हाईक अवघड प्रश्न विचारायला लागलं की ते असेच हसायचे, डोळे बारीक करून, जणू समोर लहान मूल बसलंय. "बाजार आहे हा, वहिनी. आत कधी शिरायचं आणि बाहेर कधी पडायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं असतं. तुम्ही आपल्या चष्म्याचे नंबर काढा. हे तुमच्या आवाक्यातलं नाही."

वहिनींनी उठून सगळ्यांना फळं कापून दिली, भाऊजींना जरा जास्तच दिली. पण त्या दुपारी त्यांच्या मनात जे पेटलं ते पुढची काही वर्षं विझलं नाही, आणि त्यांनीही ते विझू दिलं नाही.

नुकसान तसं साधंसुधं नव्हतं. दादा-वहिनींचं चष्म्यांचं दुकान होतं. वहिनी रीतसर शिकलेल्या. पुढच्या खोलीत डोळे तपासायच्या. मागच्या खोलीत दादा काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. दुकान ज्या इमारतीत होतं ती सासऱ्यांची. जाताना त्यांनी खालचा मजला थोरल्याला आणि वरचा धाकट्याला दिला होता. वर भाऊजींचं ऑफिस, दारावर पितळी पाटी, 'गुंतवणूक सल्लागार'. वर जायचा जिना मात्र दुकानातूनच. त्यामुळे भाऊजींकडे येणारा प्रत्येक माणूस चष्म्यांच्या कपाटाला वळसा घालून जायचा, आणि भाऊजी वरून ओरडायचे, "वहिनी, जरा दोन चहा पाठवता का?" ते ऐकून ऐकून सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणायला लागली.

दोघांनी मेहनतीने मोठ्या रस्त्यावर दुसरं दुकानही उभं केलं होतं. पुढे दादांची पाठ साथ देईना, तेव्हा ते विकून टाकलं. म्हातारपणाची सोय व्हावी, एवढाच हेतू. त्या पैशांचं काय करायचं हे विचारायला घरातच सल्लागार असताना दुसरीकडे कोण जातं?

"बांधकाम कंपनीचे कर्जरोखे घ्या," भाऊजी म्हणाले होते. "बँक तुम्हाला पाच टक्के देते, हे बारा देतात. बँक तरी काय करते? तुमचेच पैसे ह्यांना नेऊन देते आणि मधले सात स्वतः खाते. आपण मधला माणूसच काढून टाकू!"

दादांना ते इतकं पटलं की त्यांनी टाळीच दिली. मधला माणूस समोरच बसलाय आणि प्रत्येक रोख्यामागे कंपनीकडून दलाली घेतोय, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग महागाई वाढली. मध्यवर्ती बँकेने व्याजाचे दर चढवले. घरकर्ज महागलं, घरं विकली जाईनात, कंपनीला जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज मिळेना, आणि एके दिवशी तिच्या दाराला कुलूप लागलं. दुसऱ्या दुकानाच्या किमतीतला दहावा हिस्साही हाती आला नाही. तेव्हा भाऊजी दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "माझेही बुडाले, दादा." त्या खांद्यावरच्या हाताने दादांना रडू कोसळलं होतं. आणि आता धाकटी जेवता जेवता सांगत होती की ह्यांनी आधीच काढून घेतले होते.

भाऊजी आणि धाकटी गेल्यावर दादा म्हणाले, "जाऊ दे. सख्खा भाऊ आहे. मुद्दाम करेल का?"

"त्याने स्वतःचे रोखे विकले तेव्हा ते कोणीतरी घेतलेच असतील ना?" वहिनी म्हणाल्या. "आपले विकायला फक्त तोंड उघडायचं होतं त्याला."

"मग आता काय करणार आहेस? कोर्टात जाणार आहेस?"

"नाही. कोर्टात त्याला वकील मिळेल."

वहिनींच्या दुकानात एक म्हाताऱ्या बाई यायच्या. मध्यवर्ती बँकेत, व्याजदर ठरवणाऱ्या खात्यात, त्यांची उभी हयात गेली होती, म्हणून वहिनींनी मनातल्या मनात त्यांचं नाव बँकेच्या बाई ठेवलं होतं. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना बारीक आकडे वाचायला चष्मा हवा होता, आणि कुठलाच नंबर पसंत पडत नव्हता. एका सकाळी त्यांच्या डोळ्यासमोर काचा बदलता बदलता वहिनींनी विचारलं, "मला बाजार शिकवाल?"

"कशाला? श्रीमंत व्हायचंय?"

"नाही. एका माणसाला खाली आणायचंय."

बाईंनी तपासणीची ती जड फ्रेम नाकावरून काढली आणि वहिनींना नीट न्याहाळलं. "मग शिकशील," त्या म्हणाल्या. "श्रीमंत व्हायला येतात ते दोन दिवसांत कंटाळतात. राग फार चिवट असतो."

मग दुकान बंद असलेल्या दिवशी वहिनी बाईंच्या घरी जाऊ लागल्या. बाईंचं शिकवणं मास्तरकीचं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून, हातात जे असेल ते हलवत बोलायच्या.

"आज तू पाच टक्क्यांचा रोखा घेतलास. उद्या सरकारने सात टक्क्यांचा काढला. आता तुझा पाचवाला कोण घेईल?"

"कोणी नाही."

"घेतील. स्वस्तात दिलास तर. व्याजदर वर गेला की जुन्या रोख्याची किंमत खाली. दर खाली आला की किंमत वर. मुलांच्या सी-सॉसारखी फळी आहे ती, एक बाजू दाबली की दुसरी वर जाते. आणि रोखा जितक्या लांबच्या मुदतीचा, तितकी फळी लांब. मग टोकावर बसलेला किती जोरात आपटेल?"

"कंबर मोडेल."

"हं. हे लक्षात ठेव. लोकांना वाटतं शेअरमध्येच माणूस मरतो. रोख्यातही मरतो, फक्त सभ्य कपडे घालून."

शेअरचा धडा वहिनी स्वतःच्या खर्चाने शिकल्या. एका बॅटरी बनवणाऱ्या कंपनीबद्दल सगळे बोलत होते. वहिनींनी बाईंना न विचारता तिचे शेअर घेतले आणि तीन महिन्यांत निम्मे पैसे घालवून बसल्या. बाईंना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. "रस्त्यावरच्या शेवटच्या माणसालाही बातमी कळली की ती किमतीत आलेली असते. तू बातमी विकत घेतलीस, कंपनी नाही. एकाच कंपनीच्या नादी लागू नकोस. लागायचंच तर सगळ्या बाजाराचा थोडा थोडा तुकडा घे आणि विसरून जा."

सोन्याला बाई 'भीतीचा भाव' म्हणायच्या. लोक घाबरले की चढतो, धीर आला की उतरतो, आणि पडून राहिलं तर सोनं एक पैसा व्याज देत नाही. ते ऐकून वहिनी घरी आल्या आणि कपाटातल्या बांगड्या मोजून पाहिल्या. पुढच्या वर्षी कुठेतरी युद्धाच्या बातम्या आल्या, सोनं आकाशाला भिडलं, आणि वहिनींनी बांगड्या विकून टाकल्या. दादांना वाईट वाटलं. "तुझ्या आईच्या होत्या," ते म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "आई असती तर तिनेही विकल्या असत्या."

ते पैसे, आणि दुकानातून महिन्याला उरतील ते पैसे, वहिनींनी सरकारच्या तीन-तीन महिन्यांच्या हुंड्यांमध्ये, म्हणजे सरकारला थोड्या मुदतीसाठी दिलेल्या कर्जाच्या कागदांत, ठेवायला सुरुवात केली. एका हुंडीची मुदत भरली की दुसरी घ्यायची. व्याज फार नाही, पण पैसा कायम हाताशी. बाईंनी एकदा भुवई उंचावली. "एवढी रोकड धरून कशाची वाट बघतेस?"

"तुम्हीच म्हणालात ना, मंदीत ज्याच्याकडे रोकड तो राजा."

"राजा असं नव्हते म्हणाले," बाई म्हणाल्या. "ज्याच्याकडे रोकड त्याला घाई नसते, एवढंच म्हणाले होते. पण चालेल. तुला राजाच व्हायचं असेल तर हो."

इकडे भाऊजींचं बरं चाललं होतं. दर वाढायचे थांबले होते. वर्तमानपत्रं लिहीत होती की महागाई आटोक्यात आली, आता दर उतरणार. दर उतरले की लांब मुदतीचे रोखे चढणार, हे भाऊजींना पक्कं ठाऊक होतं; तेवढं त्यांना येतच होतं. म्हणून त्यांनी तीस वर्षांच्या मुदतीचे सरकारी रोखे घेतले. स्वतःच्या पैशाने घेतले असते तर कोणी काही म्हणालं नसतं. पण त्यांनी सावकारी पेढीकडून कर्ज काढलं, घेतलेले रोखेच तारण ठेवले, आणि त्या कर्जावर आणखी रोखे घेतले. एका रुपयाच्या जिवावर सहा रुपयांचं ओझं.

हे वहिनींना कुठून कळलं? भाऊजींनीच सांगितलं, तेही रविवारच्या टेबलावर. बढाई मारायला ऐकणारं कोणी लागतंच.

"सरकार बुडत नाही, वहिनी," ते खुर्चीत मागे रेलत म्हणाले. "ह्यात धोका शून्य. वर्षभरात दर दोन टक्क्यांनी खाली. मग बघा."

वहिनींच्या डोळ्यासमोर एक लांबच लांब फळी आली, आणि तिच्या पार टोकाला नवा सूट घालून बसलेले भाऊजी.

वहिनींना वेगळंच दिसत होतं. काचा पुरवणाऱ्याने वर्षात दुसऱ्यांदा भाव वाढवले होते. फ्रेम आयात करणारा म्हणत होता, चलन घसरलंय, मी काय करू. दुकानातल्या मदतनीस बाईने पगारवाढ मागितली होती आणि शेजारच्या दुकानाने तिला जास्त देऊ केलं होतं. बँकेच्या बाई म्हणत होत्या, "महागाई गेलेली नाही. दाराआड उभी आहे. माझ्या जुन्या खात्यात बसलेली मंडळी आंधळी नसतील तर दर आणखी वाढवतील."

त्याच टेबलावर भाऊजींनी थट्टेने विचारलं, "काय वहिनी, ऐकतोय की तुम्ही हल्ली फार वाचता. तुमचं काय मत? दर उतरणार ना?"

दादांनी वर पाहिलं. धाकटी हसायच्या तयारीत होती.

वहिनींना एका वाक्याचं काम होतं. कर्ज कमी करा, दर वाढतील. भाऊजींनी ऐकलं असतं की नाही देव जाणे, पण वाक्य तोंडाशी होतं. वहिनींनी ते गिळलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मला विचारता? तुमचा अंदाज कधी चुकलाय का, भाऊजी?"

भाऊजी खूश झाले. त्याच आठवड्यात त्यांनी आणखी रोखे घेतले.

दर वाढले. एकदा नाही, लागोपाठ तीनदा. पहिल्यांदा भाऊजी म्हणाले, "हे शेवटचं." दुसऱ्यांदा त्यांनी वर्तमानपत्र उलटं करून ठेवलं. तिसऱ्यांदा त्यांचा जिन्यावरून पाय घसरला आणि ते चष्म्यांच्या कपाटावर आपटले; वहिनींनी हात देऊन उठवलं, पाणी दिलं. वरून दिवसभर फोनवरचा आवाज यायचा. आधी रुबाबाचा, मग समजावणीचा, मग विनवणीचा. पेढी म्हणत होती, तारणाची किंमत घसरलीय, फरक भरा, नाहीतर आम्ही रोखे विकून टाकू. शून्य धोक्याच्या कागदांनी त्यांचा गळा धरला होता.

राहत्या घरावर आधीच कर्ज होतं. विकण्यासारखा एकच जिन्नस उरला होता, तो म्हणजे वरचा मजला. भाऊजींनी दोन दलाल आणले. दोघेही दुकानात उभे राहिले, जिन्याकडे पाहिलं, आणि एकच प्रश्न विचारून गेले: दुसऱ्याच्या दुकानातून जिना असलेला मजला कोण घेणार? एकाने निम्मी किंमत सांगितली, तीही सहा महिन्यांनी. पेढीने भाऊजींना दिला होता एक आठवडा.

मग एका संध्याकाळी भाऊजी खाली आले आणि डोळे तपासायच्या खुर्चीत बसले. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. वहिनी दिवा मालवायच्या बेतात होत्या.

"वहिनी, दादाला सांगून काहीतरी करा. थोडी उचल द्या. वर्षभरात परत करतो."

"उचल नाही, भाऊजी. मजला विकत असाल तर मी घेते."

"तुम्ही?" त्यांना खरंच हसू आलं असावं, पण ते बाहेर पडलं नाही. "कशाने?"

"रोकडीने. परवा कागद झाले तर परवाच पैसे."

"कितीला?"

वहिनींनी आकडा सांगितला. दलालाच्या निम्म्या किमतीपेक्षाही तो थोडा खालीच होता. त्यांनी तो खूप आधी ठरवला होता, भांडी घासताना, काचा पुसताना, झोप येईपर्यंत. एवढा कमी की झोंबावा, आणि एवढाच जास्त की नाकारता येऊ नये.

"हा बाजारभाव नाही, वहिनी."

"आठवड्याभरात विकायचंय ना? मग हाच बाजारभाव. सहा महिने थांबता आलं तर दुसरा मिळेल."

"मी तुमच्या घरचा आहे!"

"आम्ही कुठे परके होतो?"

ते तक्त्याकडे बघू लागले. वरची मोठी अक्षरं कोणालाही वाचता येतात. ते बहुधा काहीच वाचत नव्हते. मग म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं दर वाढणार ते. त्या रविवारी. माहीत होतं ना?"

"हो," वहिनी म्हणाल्या.

सही करताना भाऊजींचं पेन दोनदा कागदात रुतलं. पेढीचा फरक भरला गेला आणि तरीही पुढच्या महिन्यात त्यांना रोखे तोट्यात विकावे लागलेच. हातात राहिली ती दारावरची पितळी पाटी.

दादांना वहिनींनी सही करताना आकडा सांगितला होता. त्या रविवारचं दादांना भाऊजींकडून कळलं. ते मागच्या खोलीतून बाहेर आले, हाताला काचेची पूड तशीच.

"तू त्याला सावध करू शकली असतीस."

"तोही आपल्याला करू शकला असता."

"म्हणजे तू आणि तो सारखेच झालात."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "त्याने दलालीसाठी केलं. मी फुकट केलं."

दादा पुष्कळ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. फ्रेम, काच, नंबर, गिऱ्हाईक कधी येणार. वहिनींना ते लागलं, लागलं नाही असं कोण म्हणेल? जेवणाच्या टेबलावर दोघांमधली शांतता त्यांना टोचायची. पण त्या शांततेतही त्यांना झोप लागायची, आणि ती गाढ असायची, जशी वर्षानुवर्षं लागली नव्हती.

भाऊजींचं ऑफिस वरच राहिलं. जाणार कुठे? महागाईने सगळीकडचीच भाडी चढली होती. वहिनींनी त्यांना भाडेकरू म्हणून ठेवलं, चालू दराने, आणि करारात एक कलम घातलं: दर वर्षी महागाई जितके टक्के, तितके टक्के भाडं वाढेल. भाऊजींनी कलम वाचलं आणि म्हणाले, "हे तुम्हाला त्या म्हातारीने शिकवलं?"

"नाही," वहिनी म्हणाल्या, "ते तुम्हीच शिकवलंत. ज्याचं त्यानं बघायचं असतं."

धाकटीने येणं सोडलं. रविवारची जेवणं बंद झाली. रस्त्यात भेटली तर ती पलीकडच्या फुटपाथवर जायची. एकदा मात्र सरळ समोर आली. "तुमचं समाधान झालं ना?" वहिनींनी विचार केला आणि खरं ते सांगितलं. "अजून नाही."

ते कसं अजून नाही, हे वहिनींनाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मजला त्यांचा झाला होता, पण वरून चहाची ऑर्डर अजून यायची, आणि गिऱ्हाईकं अजून कपाटाला वळसा घालून वर जायची, विश्वासाने भरलेले चेहरे घेऊन. त्यातलीच एक निवृत्त नर्स होती. तिला जवळचं दिसत नव्हतं. वर जाण्याआधी तिने खाली चष्मा दाखवला आणि आपणहून बोलली.

"हे वरचे साहेब फार चांगले आहेत हो. एका दवाखान्यांच्या साखळीचे कर्जरोखे आहेत म्हणाले, तेरा टक्के. बँकेत काय मिळतं? मधला माणूसच काढून टाकू म्हणाले."

वहिनींच्या हातातली काच टेबलावर टणकन पडली.

आता गंमत अशी होती की भाऊजींचा धंदा चालला तरच वहिनींना भाडं मिळणार होतं. नर्सबाईंनी पैसे टाकले असते तर त्या दलालीतूनच पुढच्या महिन्याचा चेक आला असता. वहिनींना हा हिशोब क्षणात कळला; एवढं तर त्या आता झोपेतही शिकवू शकल्या असत्या. त्यांनी पांढरा कोट काढून खुंटीला लावला.

"चला," त्या नर्सबाईंना म्हणाल्या. "मी पण येते वर. मलाही ऐकायचंय."

भाऊजी दोघींना दारात बघून उभे राहिले. वहिनी दुसऱ्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"तुम्ही सांगा, भाऊजी. मी मध्ये बोलणार नाही. फक्त दोन-तीन गोष्टी विचारेन."

भाऊजींनी सांगायला सुरुवात केली. पहिल्या वाक्यानंतर वहिनी म्हणाल्या, "ह्या बाईंना उद्या पैसे परत लागले, तर हे रोखे विकत कोण घेतं?"

"तसं... लगेच मिळेलच असं नाही."

"आणि व्याजदर आणखी वाढले, ह्या कंपनीला नवं कर्ज मिळालं नाही, तर?"

भाऊजींनी समोरचे कागद सरळ केले.

"तुम्हाला प्रत्येक रोख्यामागे कंपनी किती देते?"

"वहिनी!"

"सांगा की. ह्या काही परक्या नाहीत. वर तुमच्याकडे आल्यात म्हणजे घरच्याच झाल्या."

भाऊजींनी आकडा सांगितला. खोटा सांगितला असता तर वहिनींना लगेच कळलं असतं, आणि हे त्यांना माहीत होतं. नर्सबाईंनी तो ऐकला, पर्स मांडीवर ओढून घेतली आणि म्हणाल्या, "मी जरा विचार करते हं साहेब." जिन्यावर त्यांनी वहिनींचा हात धरला, आधारासाठी की आभारासाठी ते कळलं नाही. खाली उतरल्यावर वहिनींनी त्यांना मुदत ठेवीचं सांगितलं, सरकारी हुंड्यांचं सांगितलं, आणि थोडे पैसे दहा वर्षं विसरता येत असतील तर सगळ्या बाजाराचा एक तुकडा घ्या म्हणून सांगितलं. पैसे घेतले ते फक्त चष्म्याचे.

पुढच्या आठवड्यात आणखी एकजण आला, त्यानंतर एक जोडपं. प्रत्येक वेळी वहिनी कोट काढून खुंटीला लावायच्या आणि मागोमाग जिना चढायच्या. भाऊजी आधी चिडले, मग म्हणाले की हा करारभंग आहे, मग भाडं कमी करा म्हणून विनवलं. वहिनींनी भाडं कमी केलं नाही आणि वर जाणंही सोडलं नाही. भाऊजींची गिऱ्हाईकं गळत गेली. उरली ती अशी की ज्यांना त्यांनी मुकाट्याने ठेवींचा सल्ला दिला, ज्यात दलाली जवळजवळ नसतेच.

एका दुपारी दादा मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. कामापलीकडचं त्यांचं ते बऱ्याच दिवसांतलं पहिलं वाक्य होतं.

"तू जिंकलीस. त्याचं ऑफिस, त्याची गिऱ्हाईकं, सगळं गेलं. आता बस कर."

"तुमचं दुसरं दुकान आलं का परत?"

"नाही. पण तो माझा भाऊ आहे."

"म्हणूनच तर तो अजून वर आहे," वहिनी म्हणाल्या. "परका असता तर कधीच बाहेर काढला असता."

दादा काही बोलणार होते. तेवढ्यात दुकानाचं दार उघडलं आणि एक मध्यमवयीन माणूस आत आला, बगलेत बॅग, चेहऱ्यावर नुकताच मोठा पैसा हाती आलेल्या माणसाची लाजरी घाई. त्याने चष्म्यांच्या कपाटाकडे पाहिलं, मग जिन्याकडे. "सल्लागार साहेब वरच बसतात ना?"

"वरच," वहिनी म्हणाल्या. "चला, दाखवते."

त्यांनी कोट काढला. दादा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले, मग मागच्या खोलीत गेले, आणि वहिनी जिन्याच्या मध्यावर पोहोचेपर्यंत काच घासायचं यंत्र सुरू झालं होतं.